आठ मंजूर रजा

आमच्या डेपोतले निम्मे ड्रायव्हर थांब्यावरचं माणूस बघून न बघितल्यासारखं करतात. उरलेले निम्मे गाडी मुद्दाम चार पावलं पुढे नेऊन उभी करतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी धावावं. मामा या दोन्हींत कधीच नव्हते. कोणाचे मामा, देव जाणे, पण डेपोतली पोरं म्हणायची आणि त्यांचं ऐकून प्रवासीही म्हणायला लागले. आरशात कोणी पळत येताना दिसलं की मामा गाडी सोडायचेच नाहीत. मी मागे कंडक्टर, नऊ वर्षं त्यांच्याच गाडीवर. उशीर झाला की बोलणी मी खायची आणि हे आपले निवांत आरशात बघत बसलेले. मी दिवसाआड भांडायचे. ते म्हणायचे, अगं, ती बाई दोन पिशव्या घेऊन पळतेय, तिला टाकून गेलो तर घरी गेल्यावर घास उतरायचा नाही.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळा डेपो जाणून आहे. तो दुपारी एक वाजता उतरायचा. कारण मामी, म्हणजे मामांची बायको, दोन डबे पाठवायची. एक त्यांचा, एक माझा. मी एकटी राहते आणि बिस्किटांवर दिवस काढते हे मामांनी कधीतरी घरी सांगितलं असणार. नऊ वर्षं बाईने खंड पडू दिला नाही. भाजी जास्त तिखट झाली तर वर चिठ्ठी असायची, पाणी जवळ ठेवा म्हणून.

एके दिवशी एकही डबा आला नाही. मामा म्हणाले, तिच्या छातीत गाठ निघाली आहे. भरभर वाढणारी, वाईट जातीची. आधी आठ वेळा केमो, दर तीन आठवड्यांनी, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक. डॉक्टरांनी आठही तारखा एकदम दिल्या होत्या. मामांनी त्याच दिवशी आठ तारखांच्या रजेचा अर्ज केला. रजा मागितली की आमच्या साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, पण त्यांनीही मुकाट्याने सही करून शिक्का मारला. तो कागद मामांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

पहिल्या तारखेला मामा गेले. औषधाची नळी मामीच्या हाताला लावली, आणि अर्ध्या तासाने घेरी येऊन पडले ते मामा. नर्सने त्यांनाच बाकावर झोपवलं. मामी सुई लावलेल्या हाताने हाका मारत होती, अहो, पाणी घ्या, पाणी घ्या. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना दोघं हसलो. दुसऱ्या तारखेला सकाळी बघते तर मामा गणवेश चढवून गाडीजवळ हजर. क्लार्कला सांगून आले होते, रजा नको, ड्युटी लावा. त्याला काय, आयता ड्रायव्हर मिळाला.

मी विचारलं, मामीबरोबर कोण? शेजारीण गेली म्हणाले. मग काचेकडे बघत म्हणाले, "घरी सांगितलंय, डेपोने रजा दिली नाही. तिथे मला काही करता येत नाही गं. इथे निदान गाडी तरी चालवतो."

माझं डोकं सणकलं. पण एरवी आरशावरून भांडणारी मी त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून तिकिटं फाडत बसले.

चौथ्या केमोच्या आदल्या दिवशी मामी रक्त तपासायला आमच्याच गाडीने निघाली. डोक्यावर लोकरीची टोपी, भुवया गळालेल्या. माझ्याजवळच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही तरी साहेबांना सांगून बघा. एक दिवस सोडता येत नाही का ह्यांना? नर्स सुई लावते ती शीर मला फार दुखते, कोणी हात धरला तर बरं वाटतं."

मी तिकीट फाडण्यात फार गुंतले असल्यासारखं केलं. म्हटलं, "माणसं कमी आहेत हो मामी. कोणालाच मिळत नाही रजा." वर साहेबांना दोन शिव्या हासडल्या. मामीला तेवढंच बरं वाटलं. तिने उतरताना माझ्या खांद्यावर थोपटलं. नऊ वर्षं जिचं खाल्लं, तिला तोंडावर थाप मारली मी, आणि जीभ जराही अडखळली नाही.

पाचव्या तारखेला शेजारणीच्या मुलाला ताप आला. मामी एकटी गेली. दुपारी आमची गाडी हॉस्पिटलच्या थांब्याकडे आली तेव्हा दारातून मला दिसलं, बाकावर एक बाई वाकून बसली आहे, तोंडाखाली प्लास्टिकची पिशवी, टोपी मांडीवर, डोकं उघडं. मी घंटी मारली. आमच्यात एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. एकच मारली. गाडी हळू झाली, मामीच्या अगदी समोर आली, आणि पुढे गेली.

दोन उतारू ओरडले. मी पुन्हा घंटी मारली, तेव्हा पुढच्या कोपऱ्यावर गाडी उभी राहिली. मी पुढे गेले. मामा आरशात बघत होते.

"ओळखलंच नाही मी," ते म्हणाले.

"ओळखलंत, म्हणूनच नाही थांबलात," मी म्हटलं, आणि उतरून मागे पळाले.

मामीने टोपी कशीबशी चढवली होती, तीही मागची बाजू पुढे. तिने पदराने तोंड पुसलं आणि आधी मलाच विचारलं, "तुमचीच गाडी होती ना? बरं झालं ह्यांचं लक्ष नव्हतं. टोपीशिवाय त्यांनी मला अजून पाहिलेलं नाही. मी इथे होते हे सांगू नका हं. मला टाकून गेलो म्हणून जेवायचे नाहीत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मागून पावलं वाजली. मामा आले होते, चालू गाडी आणि चाळीस माणसं कोपऱ्यावर टाकून. खिशातला कागद काढून त्यांनी मामीच्या हातात दिला. घड्यांवर तो विरायला आला होता.

मामीने वाचला. आठ तारखा, सही, शिक्का. पुन्हा वरून खाली वाचला. मामा तिच्या पायाशी फुटपाथवर बसले आणि रडायला लागले. भर रस्त्यात, गणवेशात. "मी बघितलं तुला," ते म्हणाले. "बघितलं आणि घाबरलो."

मामी पिशवी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, "ही टाकून या आधी." इतकंच. ते उठले आणि गेले.

मग तिने मान वर केली. "ताई, माणसं कमी आहेत म्हणाला होतात तुम्ही."

मी गाडीकडे परत गेले आणि लोकांना सांगितलं, ही गाडी पुढे जाणार नाही, मागच्या गाडीने या. लोकांनी मला नको नको ते बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं, पहिल्यांदाच.

मामांना नोटीस आली, आठवडाभर घरी बसवलं. उरलेल्या तिन्ही तारखांना ते गेले. सहाव्या वेळी पुन्हा घेरी आली, पण हात सोडला नाही म्हणे. ऑपरेशन झालं, शेक झाला. पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण मामी आता उठून बसते, ओट्याशी उभी राहते.

गेल्या महिन्यापासून डबा परत सुरू झालाय. मामांचा. एकच. एक वाजला की ते झाकण उघडतात आणि अर्धं माझ्यापुढे सरकवतात. मी म्हणते, भूक नाही, आणि बिस्किटाचा पुडा फोडते.