कशी म्हणाली

आबांनी वीस वर्षं कडोदरा गावच्या कापड कारखान्यात लूमवर काढली आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मी कॉलेजात जाईपर्यंत त्यांना काहीच ऐकू येईनासं झालं. ओठ बघून शब्द कळायचे. बोलणारा चिडलाय की थट्टा करतोय, ते मात्र कळायचं नाही.

म्हणून त्यांना जुन्या विनोदी कादंबऱ्या आवडायच्या. दर शनिवारी मी वाचनालयातून एक आणायची. त्यात कोणी नुसतं बोलतच नसे. मामा खेकसत, आत्या फणकारत, जावई सर्दी झालेल्या सनईसारख्या आवाजात चहा मागे. आबा खदखदून हसत.

"इथं बरं असतं," ते म्हणत. "कसं बोलला तेही लिहिलेलं असतं."

मग ते घरातही विचारू लागले. आई काही बोलली की माझ्याकडे वळून त्यांच्या अहिराणीत, "कशी म्हनी?"

"फणकाऱ्याने," मी सांगायची. आई हसायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आईला कावीळ झाली. दवाखान्यात ठेवलं, त्याच्या आठव्या दिवशी दुपारी ती वारली. आम्ही दोघं खाटेशी होतो. तिचं शेवटचं बोलणं म्हणजे, "पंखा बंद करा."

तेरावं झालं. गावाकडची माणसं परत गेली. मला रडू आलं नव्हतं; येईल असंही वाटत नव्हतं. मी भांडी घासत होते, तेव्हा आबा जवळ येऊन उभे राहिले.

"पंख्याचं म्हणाली ते दिसलं मला. कशी म्हनी?"

ती वैतागून म्हणाली होती. तिसऱ्यांदा सांगत होती आणि मी उठले नव्हते.

"हळू," मी म्हणाले.

"दमून?"

"हो. दमून."

त्यांनी मान हलवली. शनिवारी मी पुस्तक बदलून आणलं. त्यांनी ते चार दिवसांत संपवलं, एकदाही न हसता. चांगलं आहे का विचारलं, तर आहे म्हणाले.

पुढे मला सचिन नावाच्या जवळच्याच कारखान्यांच्या गावात, एका ऑफिसात टायपिंगचं काम लागलं. दोन वर्षं गेली. एका रविवारी, काही कारण नसताना, मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "आई वैतागली होती तेव्हा. मी खोटं बोलले."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "कपाळावर आठी होती तिच्या."

ते पेपर वाचू लागले. मी चहा टाकायला उठले.