पानवाल्याची बायको कुठं गेली?

गेवराईत केबल आली, त्याच साली मन्मथप्पांचा पाय मोडला. वाळूचा धंदा करणाऱ्या सुग्रीवचे ट्रक त्यांच्या उभ्या पिकातून जायचे. मन्मथप्पांनी तहसिलात तक्रार केली, तर सुग्रीवच्या माणसांनी त्यांना भर बाजारात लोखंडी पाइपांनी मारलं. साक्षीला कुणी पुढं आलं नाही. तेव्हापासून त्यांचं किराणा दुकान बायको रुद्राणीबाई चालवायच्या.

दर गुरुवारी मुंबईच्या एका टोळीवरची हिंदी मालिका लागायची. शेजारच्या बायनाबाई ती बघायला यायच्या. पहिल्या वर्षी टोळीच्या म्होरक्यानं एका पानवाल्याचा खून केला आणि पानवाल्याची बायको कोर्टात ताठ उभी राहिली. रुद्राणीबाई म्हणाल्या, "लिवणारानं खरं लिवलंय."

दुसऱ्या वर्षी म्होरक्याची आजारी आई आली, लाडकी लेक आली. पानवाल्याची बायको कधीमधी दिसायची, तीही रडताना. तिसऱ्या वर्षी तर ती गायबच झाली. म्होरक्या पांढरे कपडे घालून गोरगरिबांची लग्नं लावू लागला. शेवटच्या भागात त्याला गोळी लागली, तेव्हा बायनाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"कावून रडतीस गं?" रुद्राणीबाई कडाडल्या.

"लई सुधरला होता बाई त्यो."

"आन् पानवाला? त्यो उठून बसला का? त्याची बायको कुठं गेली, ते न्हाई इचारलंस!" त्यांनी टीव्ही खटकन बंद केला.

पुढं जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या आणि सुग्रीव उभा राहिला. पांढराशुभ्र सदरा घालून, हात जोडून तो दुकानात आला. मागं अर्धी गल्ली होती, बायनाबाईही होत्या.

"रुद्राणीताई, भाऊ म्हणून आलोय."

"भाऊ? ह्यांचा पाय कुणी मोडला, ते सांग आदी. ह्या समद्यांम्होरं सांग!"

"जुनं कावून उकरता, ताई?"

"तुला जुनं हाय. हे रोज उठताना वरडतेत. उतर पायरी!"

सुग्रीव हसत उतरला. लोक जमिनीकडं बघत पांगले. बायनाबाई तेवढ्या मागं राहिल्या. "आप्पांना मारलं तवा मी बाजारातच हुते," त्या पुटपुटल्या. "समदं बघितलं हुतं."

"आन् तीन वरीस माझ्याच घरात बसून त्या म्होरक्यासाठी रडलीस?" रुद्राणीबाईंनी पायरीकडं बोट दाखवलं. "जा. पुन्हा येऊ नकोस."

सुग्रीव निवडून आला. गुलालानं बाजार लाल झाला. मिरवणूक दुकानापुढून गेली, तेव्हा रुद्राणीबाई दारात उभ्या राहून त्याचं नाव घेऊन शिव्या घालत होत्या. ताशांच्या कडकडाटात त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. आतून मन्मथप्पा म्हणत होते, "बास कर आता." त्यांनी बास केलं नाही.