घाटातली फांदी

रेडियमच्या दुकानदाराने मला फसवलं. ट्रकच्या मागे लावायची चमकणारी पट्टी त्याने अस्सल म्हणून नकली दिली. मी भाव पाडत गेलो तेव्हा तो हसत म्हणाला होता, “शेठ, या भावात चमकेल तेवढी चमकेल.” मला तो विनोद वाटला. पुढे सकाळच्या धुक्यात ट्रक घाटात पंक्चर होऊन थांबला, मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला तो दिसलाच नाही, आणि चाक बदलणाऱ्या माझ्या हणमंत ड्रायव्हरचा पाय गेला.

आज त्याच घाटात रस्त्यावर चार दगड आणि करंजाची फांदी दिसली. कुणीतरी बंद गाडीमागे खूण म्हणून ठेवलेली. गाडी दुरुस्त होऊन निघून गेली, खूण तशीच राहिली. मी उतरून दगड आणि फांदी बाजूला लोटली. राग माझ्या नाकावर असतो, पण आज खूण टाकून गेलेल्या माणसावर तो आला नाही. मागच्या अनोळखी माणसाला आपण वेळेवर दिसू, एवढ्याच भरवशावर सगळे या रस्त्याने जातात.

हणमंतची बायको विचारते, “शेठ, एवढा मोठा ट्रक त्या टेम्पोवाल्याला दिसला कसा नाही हो?”

त्या दुकानदाराने तिच्यासमोर उभं राहून याचं उत्तर द्यावं. त्याचं झालं की मग मी देईन.