रविंद्रचं डच सरकार

रविंद्र मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि पुढे दोन वर्षांत माझं मत बदलण्याची त्याने एकही संधी दिली नाही. डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागातल्या एका जोडघराच्या वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको वसुधा राहायचे, मी खालच्या खोलीत. स्वयंपाकघर सामाईक, भिंती पुठ्ठ्याच्या. माझी कंपनी सँडीफोर्डला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण इथे भाडं परवडायचं म्हणून मी टिकून होते.

वसुधा मिरजेची. जवळच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. छातीत साठलेला कफ मोकळा करायचा, आजाऱ्यांना पुन्हा उभं करायचं, हे तिचं काम. रविंद्र पुण्याचा. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेला, बायकोच्या मागोमाग डब्लिनला आलेला आणि इथल्या एका विद्यापीठात पीएचडीला बसलेला. ‘बसलेला’ हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

त्याचा विषय होता दोन महायुद्धांच्या मधलं नेदरलँड्सचं एक आघाडी सरकार. १९२५ सालचं. एक कॅथलिकांचा पक्ष आणि दोन प्रोटेस्टंटांचे, असे तिघे मिळून सत्तेवर आले. ऑगस्टमध्ये शपथ घेतली आणि नोव्हेंबरात गडगडले. कारण काय, तर पोपच्या दरबारात आपला राजदूत ठेवायचा की नाही. एका कडव्या प्रोटेस्टंट खासदाराने त्या दूतावासाचा खर्च कापायची सूचना आणली, आघाडीतल्याच एका पक्षाने तिच्या बाजूने मत दिलं आणि कॅथलिक मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले. नवं सरकार यायला पुढचा मार्च उजाडला.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण तो ते रोज सांगायचा. मी भांडी घासत असताना सांगायचा. वसुधा ड्यूटीवरून येऊन बूट काढत असताना सांगायचा. शेजारच्या नोरीनबाईंना कुंपणावरून सांगायचा. त्या बिचाऱ्या “ग्रँड, ग्रँड”, म्हणजे छान छान, म्हणत कपडे वाळत घालायच्या. आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर ते एक हसू असायचं, ओठाच्या एकाच कोपऱ्यातलं.

“गाढवं होती सगळी,” तो म्हणायचा. “देश चालवायला बसवलं आणि एका राजदूतावरून भांडले. मी असतो तर एका दुपारीत मिटवलं असतं.”

एका दुपारीत त्याने मिटवलेली एकच गोष्ट मी पाहिली, आणि ती म्हणजे माझा श्रीखंडाचा डबा.

२०२०च्या फेब्रुवारीत आयर्लंडची निवडणूक झाली. कुणालाच बहुमत नाही, आणि तीन पक्षांचं सरकार जमायला जून उजाडला. रविंद्रला तर दिवाळीच. आता रोज तुलना. “नाताळापर्यंत पडणार,” त्याने जाहीर केलं. नाताळ आला, गेला, सरकार जागेवर. मी आठवण करून दिली तर म्हणाला, “तत्त्वतः पडल्यातच जमा आहे.”

पण त्याआधी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. रविंद्रला एप्रिलमध्ये हेगच्या अभिलेखागारात जायचं होतं, मूळ कागद वाचायला. गेलं वर्षभर तो हे जाणं पुढे ढकलत होता. अभिलेखागार बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोराचा चेहरा.

“काय करणार? दारंच बंद,” असं म्हणून त्याने चहाला आधण ठेवलं.

जग थांबलेलं होतं. वसुधा मात्र रोज जात होती. व्हेंटिलेटरवरच्या माणसांना चौघाचौघांनी मिळून पालथं करायचं, पुन्हा उताणं करायचं. घरी आली की नाकावर मास्कचा लाल वळ असायचा. आणि समोर खुर्चीत रविंद्र, प्रोटेस्टंटांच्या दोन पक्षांतला फरक सांगायला तयार.

“थांब जरा, रविंद्र. आधी आंघोळ करून येते,” ती म्हणायची.

“तुला गंभीर विषयात रसच नाही,” तो म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट कळली. मी स्वयंपाकघरात बसून ऑफिसच्या कॉलवर होते, समोर माझा डच सहकारी. मागून रविंद्र बिस्किटं शोधायला आला. मला वाटलं, आता गप्पा रंगतील. मी ओळख करून दिली, हा तुमच्या देशाच्या इतिहासावर पीएचडी करतोय म्हणून. सहकाऱ्याला केवढा आनंद! त्याने डचमध्ये काहीतरी विचारलं. साधंच असावं, किती दिवसांपासून करताय वगैरे. रविंद्र हसला, मान हलवली, आणि “दूध उतू जातंय” म्हणून निघून गेला. दूध फ्रिजमध्ये होतं.

“तुला डच येत नाही?” मी नंतर विचारलं.

“वाचता येतं. बोलण्याची सवय नाही.”

मी पुढे विचारलं नाही. ज्या माणसांना हा रोज गाढवं म्हणत होता, त्यांचं एक वाक्यही त्याने त्यांच्या भाषेत वाचलं नसावं, असा संशय तेव्हा आला. जी दोन इंग्रजी पुस्तकं त्याच्या टेबलावर होती, त्यांतल्या एकातली खूण कधी हललेली मी पाहिली नाही.

जानेवारीत आयर्लंडमध्ये साथीची मोठी लाट आली आणि वसुधाला कोविड झाला. तिने स्वतःला वरच्या लहान खोलीत कोंडून घेतलं. आम्हा दोघांनाही घराबाहेर पडायची बंदी. नोरीनबाई पायरीवर सूपचं भांडं ठेवून, खिडकीवर टकटक करून जायच्या. मी खिचडी करून दाराशी ठेवायचे. रविंद्र एकावर एक दोन मास्क लावून जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहायचा आणि ओरडायचा, “वसुधा, डाळीला शिट्ट्या किती करायच्या?”

आतून खोकला. मग खोल गेलेला आवाज, “चार.”

“आणि हळद कुठल्या प्रेसमध्ये आहे?”

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. एवढा एक आयरिश शब्द मात्र त्याने शिकून घेतला होता. बायकोला अंगात ताप असताना हळदीचं कपाट विचारणारा हा माणूस एका दुपारीत सरकार वाचवणार होता.

त्याच आठवड्यात त्याची विद्यापीठाची वार्षिक तपासणी होती, ऑनलाइन. वसुधाच्या शेजारच्या खोलीत तो शर्ट घालून बसला, खाली पायजमा. मी जिन्यावर वसुधाचं रिकामं ताट उचलत होते. सगळं ऐकू येत होतं, मला आणि तिलाही.

प्रकरणं का दिली नाहीत, असं त्याच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं. रविंद्रने आवाज एकदम मऊ केला.

“माझी पत्नी कोविडने अंथरुणाला खिळली आहे. रात्रंदिवस मीच तिची शुश्रूषा करतो. स्वयंपाक, औषधं, सगळं. अशा वेळी संशोधन...”

तिकडून सहानुभूतीचे सूर आले. मुदत वाढवून देऊ, काळजी करू नका. माझ्या हातातल्या ताटात नोरीनबाईंच्या सूपची रिकामी वाटी होती. लहान खोलीतलं वसुधाचं हळू बोलणं मध्येच थांबलं.

मग समितीतले दुसरे एक गृहस्थ अगदी प्रेमाने म्हणाले, “अभिलेखागाराने तुम्हाला कागदांच्या प्रती शरद ऋतूतच पाठवल्या होत्या ना? हे पाहा, मी एक पान दाखवतो. त्या मतदानाच्या दिवशीचं भाषण आहे. हा पहिला परिच्छेद तुम्ही कसा वाचता?”

खुर्ची करकरली.

“हॅलो? आवाज तुटतोय,” रविंद्र म्हणाला. “हॅलो? इथलं वायफाय...” आणि लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

तेव्हा भिंतीपलीकडून वसुधाचा आवाज आला. आजारपणात एवढा मोठा आवाज तिने कुठून काढला कोण जाणे.

“वायफाय चालू आहे, रविंद्र. मी आईशी व्हिडिओवर बोलतेय.”

आईचा फोन चालू होता. मिरजेतल्या बाईंनी, जावयाचा तो रात्रंदिवसचा स्वयंपाक समजला नसेल तरी, लेकीचं तोंड पाहिलं असणारच.

बरी झाल्यावर ती त्याच्याशी एकदाच बोलली. मी खाली होते, दार उघडं होतं. तो नेहमीसारखा बचाव करत होता. समिती द्वेष्टी आहे, मार्गदर्शक बाईंना विषयच कळत नाही, आणि तुला तर राजकारणातलं काहीच कळत नाही.

“नाही कळत,” वसुधा म्हणाली. “पण तू ज्यांना रोज गाढवं म्हणतोस, त्यांचं पटलं नाही तेव्हा ते खुर्ची सोडून गेले. तू आजारी बायकोला पुढे करून खुर्ची धरून बसलास. मला तुझी आता लाज पण वाटत नाही. लाज वाटायला माणूस आपला वाटावा लागतो.”

तो काहीतरी म्हणाला. तिने ऐकलं नाही, खाली येऊन भात लावला, दोघींपुरता.

समितीने त्या पानाचं भाषांतर लेखी मागितलं. त्याने यंत्राकडून करून घेतलं आणि त्यात राजदूताचा निरोप्या झाला. मेमध्ये त्याला पीएचडी सोडायला सांगण्यात आलं. त्याने आम्हाला सांगितलं की पाश्चात्त्य विद्यापीठांच्या संकुचित वृत्तीचा निषेध म्हणून आपण बाहेर पडतोय. उड्डाणं सुरू होताच तो पुण्याला गेला. विमानतळावर पोचवायला वसुधा गेली नाही, तिची ड्यूटी होती. ड्यूटी नसती तरी गेली नसती, हे मी न विचारताच तिने सांगितलं.

गणपतीत कुणीतरी मला एका ऑनलाइन व्याख्यानमालेची जाहिरात पाठवली. ‘युरोपीय आघाडी सरकारांचे ज्येष्ठ अभ्यासक, डब्लिन.’ सूट, टाय, आणि ओठाच्या कोपऱ्यातलं ते हसू. मी वसुधाला दाखवलं. तिने मिनिटभर व्हिडिओ पाहिला. तो अगदी आत्मविश्वासाने बोलत होता, आणि खाली लोक ‘सर, अप्रतिम’ लिहीत होते.

“ऐकणारे मिळाले,” ती म्हणाली आणि फोन परत दिला.

त्या हिवाळ्यात तिला हॉस्पिटलात बढती मिळाली, कोविडमधून उठलेल्यांचे श्वसनवर्ग चालवायची. माझ्याबरोबरचं घर सोडून ती एका लहान फ्लॅटमध्ये एकटी राहायला गेली. घटस्फोटाचे कागद वकिलाकडे आहेत, असं ती विचारणाऱ्याला सरळ सांगते. मी सामान हलवायला गेले तेव्हा ती नव्या रुग्णांसाठी व्यायाम समजावणारा एक व्हिडिओ बनवत होती. मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, “तू पेशंट हो. खांदे सैल सोड. आता नाकाने श्वास घे, सावकाश.”