पुसलेलं कोकरू

धारूरचा घाट चढून वर आलं आणि डावीकडं वळलं की डांबर संपतं आणि तरसवाडी लागते. वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं, एक हिवराचं झाड, शेंदूर फासलेला बिरोबाचा दगड आणि चारी बाजूंनी नुसता माळ. मुरूम, कुसळी गवत, तरवड, बोरी आणि वारा. यात बघण्यासारखं काही आहे असं तरसवाडीतल्या एकाही माणसाला आजवर वाटलं नव्हतं. हरिओमला वाटलं. त्यानं माळाचे फोटो काढून फोनवर टाकले, "धनगरवाडीतला एक दिवस" असं वर लिहिलं आणि तेव्हापासून दर रविवारी गाड्या भरभरून माणसं माळ बघायला यायला लागली.

बायडाबाईला त्या माणसांची शिसारी होती. उगाच नव्हती. मागच्या रविवारी कुणा बाईनं पोराचं लंगोट, आतल्या घाणीसकट, बिरोबाच्या दगडामागं भिरकावलं होतं. त्याच्या आधी आलेल्यांनी खाऊच्या चमचमत्या पिशव्या बोरींवर सोडल्या, त्यातली एक एका मेंढीनं गिळली आणि ती पोट फुगून मेली. एक गडी तर पाणवठ्यात साबण लावून डुंबला आणि वर 'नैसर्गिक' म्हणाला. बायडाबाई ते लंगोट काठीनं ढकलत ढकलत उकिरड्यापर्यंत घेऊन गेली आणि वाटभर थुंकली.

"लेंडीचा वास येतो म्हनून नाकाला फडकं लावत्यात," ती म्हणाली, "आन् देवाच्या पाठीला हे ठिवून जात्यात. थू!"

हरिओम तिचा भाचा. भावाचा मुलगा. नवरा गेल्यावर बायडाबाई माहेरी परतली ती आंदणात मिळालेल्या मेंढीची पैदास पुढं घालूनच, आणि त्याच साली भावजय बाळंतपणात गेली. मागं राहिलेलं पोर बायडाबाईच्या पदरात पडलं. घोंगडीच्या खोळीत घालून तिनं त्याला माळावर वाढवलं. एका काखेत हा, दुसऱ्या काखेत एखादं अशक्त कोकरू. दोघांनाही एकाच मेंढीचं दूध. पुढं तो धारूरला शाळेत गेला तर पोरं त्याच्या शेजारी बसेनात. "मेंढराचा वास मारतो बे," म्हणायची. त्या दिवसापासून हरिओमनं अंगावर सेंट मारायला जी सुरुवात केली ती आजतागायत थांबली नाही. आता तोच हरिओम शहरातल्या लोकांना "मातीचा वास अनुभवा" म्हणून बोलावतो. माणसाला लाज किती असावी याला काही धरबंध राहिला नाही, दुसरं काय म्हणायचं.

तरी बायडाबाई त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. तो म्हणाला हिरवं लुगडं नेस, ती नेसली. ठसठशीत कुंकू लाव म्हणाला, तर विधवा बाई मी, म्हणून तेवढ्याला मात्र ती नाही म्हणाली. पोराचा संसार उभा राहतोय तर आपण आडवं कशाला यायचं, एवढाच तिचा विचार.

त्या रविवारी मात्र तिचा जीव दुसरीकडं होता. पहाटे काजळी व्याली होती. काजळी म्हणजे काळ्या तोंडाची मेंढी, आंदणाच्या मेंढीच्या वंशातली शेवटची. बाकीची सगळी गेल्या वर्षी मेंढरांना येणाऱ्या देवीच्या साथीत गेली होती. बायडाबाईच्या मेंढवाड्यात आता जी मेंढरं होती ती भावाची, नाहीतर बाजारातून आणलेली. बापानं हातात दोर देऊन सासरी पाठवलेलं जे काही होतं, ते एकट्या काजळीत उरलं होतं, आणि काजळी म्हातारी झाली होती. हे तिचं शेवटचंच वेत. कोकरू मादी निघालं तेव्हा बायडाबाईनं तिथंच, ओल्या हातानं, बिरोबाच्या दिशेनं नमस्कार केला. मग कोकरामागोमाग गर्भाची वार पडली ती उचलून कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून वाड्यामागं दगडाखाली पुरली, काजळीला कोकरू चाटू दिलं आणि मेंढी चरायला सोडताना ते डालग्याखाली झाकून ठेवलं.

कोकरू चार दिवसांचं होईस्तोवर परक्यानं त्याला हात लावायचा नाही. बायडाबाईनं लावायचा तरी आधी दोन्ही हात मेंढीच्या लोकरीत घासायचे आणि मगच. मेंढी लेकराला तोंडावरून ओळखत नाही, वासावरून ओळखते. हे तरसवाडीत चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं, कुणाला शिकवावं लागत नाही.

सकाळी दोन गाड्या आल्या. पुढच्या गाडीतून मोहिनी नावाची पुण्याची बाई उतरली, मागून तिचा नवरा विलास, गळ्यात कॅमेरा. आणखी सहा-सात जण. मोहिनीनं उतरताच ओढणी नाकावर घेतली, आणि नवऱ्यानं कॅमेरा वर केल्याबरोबर ती काढून हसली. मग सगळे माळावर गेले. दहा मिनिटांत त्यांच्या मोज्यांत कुसळं घुसली आणि जो तो एका पायावर उभा राहून कुसळं उपटायला लागला.

"इथलं गवत कुणी कापत नाही का?" एकानं विचारलं.

बायडाबाईनं चरणाऱ्या मेंढरांकडं बोट दाखवलं. 

परत आल्यावर मोहिनी तिच्याजवळ येऊन बसली. गोड बोलत होती बिचारी, खोटं कशाला सांगा. बायडाबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं बाई, किती भेगा पडल्यात! थांबा आजी." पर्समधून नळी काढून तिनं बायडाबाईच्या दोन्ही हातांना मलम चोळलं, बोटाबोटाला, सावकाश. नवरा गेल्यापासून बायडाबाईचा हात असा कुणी धरला नव्हता. तिला बरं वाटलं. डोळे मिटून घ्यावेसे वाटले. नंतर तिला सगळ्यात जास्त किळस आली ती या बरं वाटण्याचीच.

"आजी, ते डालग्याखालचं पिल्लू दाखवा ना. एकच मिनिट."

"न्हाई बाई. आजच जल्मलंय ते."

"आत्या," मागून हरिओम हळूच म्हणाला, "दे की. पाव्हने लांबून आलेत."

आणि बायडाबाईनं दिलं. हात लोकरीत न घासता, त्या मलमाच्या हातांनी कोकरू उचललं आणि मोहिनीच्या मांडीवर ठेवलं. वर आणि चुलीवरची भाकर करपेल म्हणून घरात गेली.

भाकर उलटून ती परत आली तेव्हा कोकरू ओळखू येईना. सकाळपासून अंगावर वाळलेला चिकटा, आईनं चाटून चाटून बसवलेला, सगळा गेला होता. मोहिनीनं पिशवीतले ओले कागदी रुमाल काढून ते पुसलं होतं. कान, पोट, शेपटीखालीसुद्धा. एखाद्या तान्ह्या बाळासारखं, मायेनं. मोगऱ्याचा भपका सुटला होता आणि घाण झालेले रुमाल वाऱ्यावर वाडाभर पळत होते.

"बघा आजी, कसं स्वच्छ झालं!" मोहिनी म्हणाली.

बायडाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "कावून पुसलं तुमी त्याला?" एवढंच ती बोलली. मग कोकरू हिसकावून घेऊन ती वाघरीकडं, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाकडं, धावत सुटली.

काजळीला तिनं हाक मारून आणलं. कासेला तट्ट दूध भरलं होतं. कोकरू धडपडत आईजवळ गेलं, काजळीनं तोंड खाली नेऊन हुंगलं, फुर्र केलं आणि पुढचा पाय आपटला. कोकरू परत गेलं. तिनं डोक्यानं धडक दिली आणि ते लेंड्यांत जाऊन पडलं. बायडाबाई मेंढी धरायला पुढं झाली तर काजळी तिच्या हाताच्या वासानंही बिचकून उलटी फिरली. पिल्लू असल्यापासून जिच्या हातून मीठ खाल्लं, त्या बाईला बिचकली.

"आगं मी हाय," बायडाबाई म्हणाली. "आगं तुजंच हाय ते. तुला वाटतंय कुनाचं तरी हाय, पर तुजंच हाय."

मेंढीला हे कोण समजावणार. बायडाबाईनं राखेनं हात घासले, मातीनं घासले, मुतानं भिजलेल्या लेंड्यांत मनगटापर्यंत बुडवले. कोकराला आईचं दूध चोळलं, मिठाचं पाणी लावलं. काजळी हुंगायची आणि लाथ मारायची. मोगरा काही हटेना. दुपार कलली. कोकराचं ओरडणं बारीक होत गेलं, मग नुसतं तोंड उघडायला लागलं. बाटलीचं दूध पाजून बघितलेलं मागचं कोकरू पोट फुगून गेलं होतं, म्हणून ती वाट तिला धरवेना. आणि बाहेर हिवराखाली ही मंडळी ठेचा फार तिखट आहे म्हणून सोसासो करत खात होती.

शेवटी ती उठली आणि वाड्यामागं गेली. दगड उलथला. पहाटे पुरलेली वार उन्हानं सडायला लागली होती, तिला मुंग्या लागल्या होत्या, माशा घोंगावत उठल्या. बायडाबाईनं ती दोन्ही हातांनी उचलली, मुंग्या झटकल्या आणि आत नेऊन कोकराला चोळली. पाठीला, पोटाला, तोंडाला. मग स्वतःच्या हातांना. मग गालांना, गळ्याला, कपाळाला. हिरव्या लुगड्यावरून काळपट रक्ताचं पाणी ओघळलं.

तोवर सगळे सूर्यास्ताचे फोटो काढायला वाघरीजवळ आले होते. मोहिनीनं हे बघितलं, "ओह गॉड" म्हणाली आणि तिथंच वाकून खाल्लेली भाकरी ओकली. कुणी तिची पाठ चोळली, कुणी नाक धरून गाडीकडं पळालं. विलासचा कॅमेरा तेवढा चालूच होता.

बायडाबाईनं मान वर केली नाही. काजळी पुढं आली. कोकराला हुंगलं. शेपटीकडं हुंगलं, कानाकडं हुंगलं, परत शेपटीकडं. मग तिच्या गळ्यातून ती बारीक गुरगुर आली, जी व्यालेल्या मेंढीखेरीज कुणाच्या गळ्यात नसते, आणि ती चाटायला लागली. कोकरू गुडघ्यांवर बसून कासेखाली शिरलं. सड तोंडात गेला आणि त्याचं शेपूट भराभरा हलायला लागलं. बायडाबाई तिथंच लेंड्यांत मटकन बसली आणि रडली.

गाड्या गेल्यावर हरिओम पळत आला. तो चिडला असेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचं तोंड हसरं होतं.

"आत्या, कमाल केलीस! विलाससरांनी समदं शूट केलंय. म्हनाले, असलं अस्सल कुटंच बगितलं न्हाई. ते आतापासून लोकांना दाखवत सुटलेत. फुडच्या रविवारी मोठी पार्टी येनार हाय, त्यांच्याम्होरं बी आसंच करायचं."

"आसंच म्हंजी?"

"म्हंजी आता रोज थोडंच कुनी व्यातंय? आपुनच एखादं कोकरू आदी पुसून ठिऊ. मग तू ती वार-बिर काढ. फक्त लुगडं दुसरं नेस."

बायडाबाई झटकन उठून उभी राहिली. आजवरची सगळी घाण, लंगोटं, रुमाल, ओकारी, या एका वाक्यापुढं काहीच नव्हती. 

"आगं रागावू नगंस," असं म्हणत हरिओमनं वाघरीवरून वाकून तिच्या खांद्यावर हात टाकला. तिच्या अंगाच्या वासानं त्यानं श्वास कोंडून धरला होता, ते तिला दिसलं. तिनं तोंड पुढं नेलं आणि त्याच्या गळ्यापाशी हुंगलं. लहानपणी झोपलेल्या पोराला हुंगायची तसंच, सावकाश. तिथं मेंढीच्या दुधाचा वास असायचा. सेंटशिवाय तिला कसलाच वास आला नाही. तिनं पुन्हा हुंगून बघितलं.

मग ती दोन पावलं मागं सरली.

"कुनाचं हायस रं तू?" तिनं विचारलं, आणि वाघरीचं दार आतून बांधून घेतलं.