जमनाफुईची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात. जमनाफुई तेवढी उघडे ठेवून बसायची. शेजारची बाई तिला कोपर मारायची, तरी फुई ढिम्म. एकदा मी विचारलंच, तर म्हणाली, "ज्यानासंगे बोलानं त्यानाकडे देखानं नही का? तुन्हासंगे मी डोया मिटीसन बोलस का?" मी तो प्रश्न तसाच वडिलांकडे नेला. ते मंडळीचे पाळक, तरी त्यांनी विषयच बदलला.

जमनाफुई वडिलांची धाकटी बहीण. गेल्या पावसाळ्यात ती गेली. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात घराघरांत भिली बोलतात, पण फुईचं निम्मं आयुष्य नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर गेलं. उन्हात पसरलेल्या लाल मिरचीचे देठ खुडता खुडता तिथल्या बायकांची अहिराणी तिच्या जिभेवर बसली ती बसलीच. देवाशीही ती अहिराणीतच बोलायची, आणि बोलायची म्हणजे भांडायची. वडिलांची प्रार्थना 'हे दयाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरू व्हायची. फुईची सुरू व्हायची, "हाई देख येशू, असं चालाव नही."

भांडायला तिला कारण होतं. नवरा ऐन तरुणपणात गेला, आणि एकुलत्या एका मुलीच्या, रोशनीच्या, रक्तात सिकलसेल. आमच्याकडे हा आजार पुष्कळ घरांत आहे. थंडी पडली की रोशनीचे सांधे असे दुखायचे की ती पांघरूण दातात धरायची. फुई तिला सरकारी दवाखान्यात न्यायची, गोळी कधी चुकू द्यायची नाही, आणि गोळी देताना तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही करायची. कुणी हसलं तर म्हणायची, "गोयी बी त्यानीच, पोर बी त्यानीच."

मंडळीची सभा दर उन्हाळ्यात शेतात मांडव घालून भरते. एका वर्षी वडिलांनी बाहेरगावचे एक नावाजलेले प्रचारक बोलावले. त्यांनी आजाऱ्यांना पुढे घेतलं. रोशनी गेली, आणि तोच आजार असलेली, पथारीवर फुईच्या जोडीने राबलेल्या शेजारच्या शेवंताची मुलगीही गेली. प्रचारकांनी दोघींसाठी प्रार्थना केली आणि माइकवर जाहीर केलं, "या मुली आजपासून बऱ्या झाल्या आहेत. आता गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं." ढोल वाजले, मांडव दणाणून गेला. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाचीवर त्यांचाही जीव होताच.

संध्याकाळी साक्षी होत्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. आमच्याकडे तिचा एक ठरलेला साचा आहे. आधी दुःख, मग प्रार्थना, शेवटी विजय. ज्याला विजय मिळालेला नाही तो उठतच नाही. शेवंताने रडत रडत मुलगी बरी झाल्याची साक्ष दिली. मग वडिलांनी मोठ्या आनंदाने बहिणीचं नाव पुकारलं. फुई पदर सावरत माइकपाशी गेली.

"मन्ही आंडेर, मन्ही रोशनी, बरी व्हयनी नही," ती म्हणाली. "आते बी तिले दुखी ऱ्हायनं. बरी व्हयनी तर मीज पहिले नाचसू. पन येशूना नाववर माले खोटं बोलता येत नही. तिन्ही गोयी चालूज ऱ्हाई."

प्रचारक हसून म्हणाले, "ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय." फुई तोवर खाली सतरंजीवर येऊन बसली होती. तिथूनच म्हणाली, "कमीज शे साहेब. पन जेवढा शे तेवढा खरा शे."

मी गाणाऱ्या मुलींत बसले होते. वडिलांचा चेहरा उतरलेला दिसत होता, तरी मला मनातून उड्या माराव्याशा वाटत होत्या. अशी बाई माझी फुई आहे याचा मला इतका अभिमान वाटला, की घरी जाताना मी मुद्दाम तिचा हात धरून सगळ्यांच्या पुढून चालले.

मंडळी तिच्याशी तुटकच वागू लागली. वडील कामापुरतं बोलायचे. फुई मात्र दर रविवारी रोशनीला घेऊन नेहमीच्या जागी येऊन बसायची, जणू काही झालंच नाही.

पुढे एका हिवाळ्यात रोशनीच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, औषधं चालली, प्रार्थना चालली, पण रोशनी गेली. दफनाच्या दिवशीच बायकांत कुजबुज सुरू झाली, की सभेत हिने तोंड उघडलं नसतं तर पोर वाचली असती. फुईच्या कानांवर ते गेलं. त्यानंतरही ती उपासनेला येत राहिली, पण गाईना. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "मन्हा वाटानं तुम्हीज गावा."

एकदा ती मिरचीचे देठ खुडत बसलेली असताना मी तिला विचारलं, "फुई, तुझा विश्वास आहे का गं अजून?" तिचे हात थांबले नाहीत. "माले माहीत नही," ती म्हणाली. "मी त्याले रोज इचारस, मन्ही पोर काबर लई गया. तो बोलत नही. पन क्रूसवर त्यानी बी बापले हाईज इचारं ना, माले काबर सोडं? मंग मी त्याना मांगेज चाली ऱ्हायनी."

पुढच्या रविवारी वडिलांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाची साक्ष आहे का. फुई उठली. सगळे एकदम वळून बघायला लागले.

"मी मांगं ते भेटनं नही," ती म्हणाली. "रोशनी गयी. त्यानावर माले राग शे. पन मी आठेज बससू, दुसरीकडे जात नही. मन्ही साक्ष एवढीज शे."

ती खाली बसली. मग मागच्या रांगेतून शेवंता उठली. "मी सभामा खोटं सांगं," ती म्हणाली. "मन्ही पोरनं दुखनं कधीज थांबनं नही. लोक काय म्हनतीन म्हनीसन मी दपाडी ठेवं, कोनले सांगं नही. तिन्ह्या गोया तवयपासून बंद शेत."

तिची मुलगी शेजारीच गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वडील म्हणाले, "शेवंता, उद्या सकाळी आपण दवाखान्यात जाऊ." फुई कधीच उठली होती. तिने मुलीच्या काखेत हात घातला आणि भावाकडे न बघताच म्हणाली, "सकाय कसाले? आतेज चाला."

वडिलांनी पवित्र शास्त्र मिटून माझ्या हातात दिलं आणि प्रवचन टाकून रिक्षा आणायला धावले. बहिणीचा अभिमान वाटला, असं त्यांनी पुढे कधीतरी मला सांगितलं. मला ते त्यांच्या धावण्यातच दिसलं होतं.