किंगरीची चाल तुणतुण्यावर

आमचं घर गोंधळ्याचं, येरमाळ्यातलं. निजामाचा अंमल सरत आला होता. मोठी माणसं शिपायांना भ्यायची, मी आज्याला. अन् त्याहून जास्त देवीला. वय नऊ, अक्कल त्याच्या निम्मी.

त्या सकाळी किंगरीवाला गोसावी भिक्षेला आला. घोड्याच्या केसांचा गज तारेवर ओढला की किंगरी माणसागत हुंदके द्यायची. मी तीन गल्ल्या त्याच्या मागं गेले. दुपारी घर रिकामं झालं तशी देवघरातलं आज्याचं तुणतुणं खाली काढलं. त्याला तार एकच, तीही बोटानं छेडायची. टुंग झालं की सूर मेला. मग एका हातानं छेडत दुसऱ्यानं खुंटी पिळू लागले. सूर चढला! अर्धी चाल आली. हावरटपणानं आणखी पिळली, अन् तार तटकन तुटून गालावर बसली.

संध्याकाळी लग्नघरी गोंधळ होता. गोंधळाच्या दिवशी देवीचं वाद्य तुटणं म्हणजे घराला अपशकुन. आता देवी कुणाच्या तरी अंगात येणार अन् चारचौघांत माझं नाव घेणार! तुटकी टोकं कशीबशी बांधली, तुणतुणं जागेवर टांगलं अन् कणगीमागं लपले. लपले कसली, माझं मुसमुसणं अंगणात ऐकू जात होतं.

निघण्याआधी हळद-कुंकू लावायला आज्यानं वाद्य हातात घेतलं.

"तार कुणी तोडली?"

"देवीनं," मी कणगीमागूनच सांगितलं.

"व्हय? देवी परकर नेसती वाटतं. गाठ तर नाडीची हाय. ये भाईर."

आले.

"काय वाजवत हुतीस? वाजव."

"तुमी माराल."

"वाजव म्हन्लं ना!"

तार छेडली, पण खुंटीवरचा हात इतका लटपटत होता की खुंटीही लटपटू लागली. अन् दुपारभर झटून जो साधला नव्हता, तो किंगरीचा हुंदका तारेतून आपसूक निघाला. आज्यानं तुणतुणं माझ्या हातून काढून घेतलं. मग नवी तार ओवत म्हणाला, "भिऊन का हुईना, आलं खरं. पन ते गोसाव्याचं हाय, देवीचं न्हाई. देवीम्होरं नाक घास."

घासलं. त्या दिवसापासून तुणतुणं हातभर उंच टांगलं गेलं. जात्यावर चढून मी ते कितीदा काढलं. पण दाराबाहेर आजा खोकल्याशिवाय तो हुंदका काही निघाला नाही.